फेरतपासणी

सकाळचे सव्वादहा झाले होते. दिवसातला पहिला ठोकळा यंत्रात बसवून त्यानं दाबाची चावी नुकती फिरवली होती, काटा शहाण्यासारखा हळूहळू वर चढत होता, आणि आस्थापनेच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "अहो अठ्ठावीस, तुमचं डिप्लोम्याचं मार्कशीट लागेल हं. झेरॉक्स चालणार नाही, ओरिजिनल." एवढंच. पण त्याचा हात चावीवर जरासा जास्त फिरला, काटा उसळला आणि ठोकळा वेळेआधीच फाटकन फुटला. बाई दचकल्या. "अगंबाई! नापास का हो?" "नाही," तो म्हणाला, "माझीच चूक." त्यानं चावी बंद केली, तुकडे गोळा केले आणि नोंदवहीत त्या ठोकळ्यापुढे लिहिलं: वाचन बाद, हाताळणीतील चूक. सव्वीस वर्षांत असं लिहिण्याची वेळ त्याच्यावर याआधी एकदाच आली होती. तेव्हा लेक झाल्याचा फोन आला होता.

त्याला अठ्ठावीस का म्हणायचे ते सांगायला हवं. बांधकामावर काँक्रीट ओततात तेव्हा त्यातलंच थोडं बाजूला काढून सहा इंची ठोकळे पाडतात, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवतात आणि मग या प्रयोगशाळेत आणून दाबाखाली फोडतात. किती दाबाला फुटला, त्यावरून खांब किती ओझं सोसेल ते कळतं. कंत्राटदारांना नेहमीच घाई. कुणी विसाव्या दिवशी येऊन गळ घालायचा, "साहेब, आठ दिवसांनी काय त्याचं सोनं होणार आहे?" याचं उत्तर ठरलेलं: अठ्ठावीस दिवसांनी या. काँक्रीटला घाई कळत नाही. सुरुवातीला त्याला मागून चिडवायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि पुढे खुद्द त्यालाच कुणी आडनावानं हाक मारली की क्षणभर उमगत नसे कुणाला बोलावताहेत ते. हात ओला करायला आलेल्यांना त्यानं कधी ओरडून हाकललं नाही. तो फक्त टेबलावरची पाकिटं तशीच ठेवून बाहेर टाकीपाशी जाऊन उभा राहायचा, माणूस पाकीट उचलून जाईपर्यंत. लोक म्हणायचे, हा माणूस आतून-बाहेरून एकच आहे, सिमेंटचा. हे ऐकलं की तो विषय बदलायचा. गेली सव्वीस वर्षं बदलत होता.

दुपारी चहाला सगळे त्याच विषयावर बोलत होते. दुसऱ्या कुठल्याशा खात्यात एकाची पदवी बोगस निघाली होती, म्हणून वरून हुकूम सुटला होता की सगळ्यांची मूळ कागदपत्रं परीक्षा मंडळाकडे पडताळायला पाठवा. "फॉर्मॅलिटी आहे हो," बाई म्हणाल्या. "माझं टायपिंगचं सर्टिफिकेट तर उंदरानं खाल्लंय. आता उंदरालाच पाकिटात घालून पाठवते." सगळे हसले. तोही हसला, आणि इतरांचं हसणं थांबल्यावरही त्याचं थोडा वेळ चालूच राहिलं. खाई त्याला खवखवे. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, पण त्याला वाटलं की सगळे आपल्या हसण्याची लांबी मोजताहेत. कप धुवायला म्हणून तो उठला आणि नळाखाली कप धरून उभा राहिला. पाणी कपात भरून त्याच्या मनगटावरून वाहत होतं आणि त्याला दादाच्या हाताची आठवण येत होती. दादाचा हात, नखांत शाई गेलेला, आणि त्या हातात चिमूटभर शिशाचे खिळे.

दादा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. आई-वडिलांमागे त्यानंच याला वाढवलं, याच्यासाठी स्वतःची शाळा सोडली, आणि हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. म्हणूनच ते घरात भिंतीसारखं उभं होतं. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि हा एका पेपरात गेला. चाळीसला पास, याला एकतीस. विषय कुठला, तर कुठला पदार्थ किती भार सोसतो आणि कधी मोडतो, तोच. दैवाला विनोदबुद्धी असते ती अशी. यानं दुसऱ्याच दिवशी फेरतपासणीचा अर्ज टाकला, पण त्यात अर्थ नव्हता. फेरतपासणीनं कधी कुणाचं भलं झालंय, असं सगळीच मुलं म्हणत. आणि नेमकी तेव्हाच या प्रयोगशाळेतली जागा निघाली. शेवटची तारीख अकरा दिवसांवर. तो अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवला नाही. तिसऱ्या दिवशी कामाला निघताना तो चपला घालता घालता म्हणाला, "त्या पास झालेल्या मित्राचं मार्कशीट दोन दिवस मिळेल का? नमुन्याला." हा उठून बसला. दादानं त्याच्याकडे पाहिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मालक घरी गेला की दादानं एकेक ओळ जुळवली, तसलाच कागद पैदा केला, शिक्का बनवून घेतला. मार्क लिहायची वेळ आली तेव्हा बोरू शाईत बुडवून, भाजीवाल्यानं तराजू धरून विचारावं तसं त्यानं विचारलं, "किती देऊ?" यानं दौत पुढे सरकवली. "बेचाळीस देतो," दादा म्हणाला. "जास्त नको. हाव नडते." मग फुंकर घालून शाई वाळवली आणि कागद लांब धरून तो त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला पापाची भीती म्हणता येणार नाही. तो चेहरा चांगलं काम केलेल्या कारागिराचा होता.

नोकरी लागली. फेरतपासणीचा निकाल कॉलेजच्या फळ्यावर लागणार होता, तो बघायला तो गेला नाही. का जायचं? नापासच असणार, आणि तिथे कुणी खिडकीतून विचारलं, काय रे, नोकरीला लागलास म्हणे, मग? सुरुवातीला तो फक्त कॉलेज टाळायचा. मग कॉलेजचा रस्ता टाळायला लागला. मग त्या रस्त्यावरून जाणारी बस. बायकोला लग्नानंतर वर्षभरात कळलं की बाजारातून येताना हा माणूस उगाच लांबचा फेरा घेतो. तिनं विचारलं तर म्हणाला, तिकडे गर्दी असते. सव्वीस वर्षं त्याच्या शहराच्या मध्यभागी एक भोक होतं आणि तो त्याच्या कडेकडेनं चालत होता. लेक सातवीत असताना शेजारणीच्या पेपरात बघून लिहिताना सापडली, तेव्हा हा तिच्याशी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी ती रडत रडत म्हणाली, "बाबा, एकच उत्तर बघितलं होतं." एकच पेपर होता, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं तिला जवळ घेतलं आणि तो स्वतःच इतका रडला की ती घाबरून गप्प झाली. त्यानंतर तिनं कधी कॉपी केली नाही. आता ती दूरच्या शहरात शिकते आणि मैत्रिणींना सांगते की माझे बाबा हे असे.

त्यानं कागद दिला. दुसरं काय करणार होता? प्लास्टिकच्या पाकिटातून तो बाहेर काढताना त्याला पहिल्यांदाच जाणवलं की कागद किती सुरेख आहे. बाईंनी तो फाईलला लावला आणि म्हणाल्या, "काय जपलंय हो तुम्ही! आमच्याकडे सगळ्यांचे डाळ सांडल्यासारखे." उत्तर यायला महिना लागेल असं कळलं, आणि त्याच्या डोक्यानं आपणहून तारीख मोजली. महिना म्हणजे अठ्ठावीस दिवस धरले तर मंगळवार. त्या दिवसापासून तो टाकीतल्या ठोकळ्यांसारखा जगला. काम करत होता, जेवत होता, बायकोनं दोनदा "ऑफिसात काही झालंय का?" विचारलं तेव्हा "काही नाही" म्हणत होता, पण सगळं पाण्याखालून. याच दिवसांत नव्या रुग्णालयाच्या खांबांचे ठोकळे आले. तीन फोडले, तिन्ही पाऊण दाबालाच गेले. आत सिमेंट कमी, माती जास्त. त्यानं अहवाल लिहिला, सही केली, आणि बांधकाम थांबलं. खांबांना भोकं पाडून आतला नमुना काढून बघा, असा आदेश निघाला. कंत्राटदाराचा माणूस येऊन गेला, पाकीट ठेवलं, हा टाकीपाशी जाऊन उभा राहिला. पाण्यात हिरवट ठोकळे एकावर एक निवांत पडले होते. त्याला वाटलं, निदान हे तरी आपण केलं. चार मजल्यांचं रुग्णालय उद्या आजाऱ्यांच्या अंगावर पडणार नाही. कुणा खऱ्या पास झालेल्या माणसानं याहून वेगळं काय केलं असतं? आणि लगेच दुसरा आवाज म्हणाला, म्हणजे एवढ्यासाठीच करतोस होय? फेडायला?

उत्तर मंगळवारी नाही, गुरुवारी आलं. साहेबांनी आत बोलावलं. साहेब वयानं त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, सरळ माणूस. इथे रुजू झाल्यावर पहिले सहा महिने याच्या बाजूला उभा राहून काम शिकलेला. साहेबांनी दार लोटायला सांगितलं.

"बसा ना. अहो, तुमच्या मार्कशीटचं काहीतरी घोटाळ्याचं आलंय. मंडळ म्हणतं, नोंदीशी मार्क जुळत नाहीत. एवढंच लिहिलंय, बाकी काही नाही."

"हो," तो म्हणाला.

"मंडळाच्या कारकुनांचं तुम्हाला माहीत आहेच. सोमवारपर्यंत कॉलेजातून नोंदीचा उतारा आणा, मी तसं वर कळवतो. काय?"

साहेबांच्या स्वरात शंकेचा लवलेश नव्हता. त्या क्षणी सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं, आणि त्याला कळलं की आपल्याला शिक्षेची भीती नाहीच, भीती आहे ती या माणसाचा चेहरा बदलताना बघण्याची. "आणतो," तो म्हणाला.

शुक्रवारी तो त्या बसमध्ये बसला. रस्ता रुंद झाला होता, झाडं गेली होती. ज्या रस्त्याला तो भीत होता तो मुळी उरलाच नव्हता. कॉलेजच्या फाटकावरून तो आधी तसाच पुढे निघून गेला आणि मग परत फिरला. पन्नाशीला आलेला माणूस, डोक्यावर निम्मे केस पांढरे, आणि छातीत विशीतल्या नापास मुलाची धडधड. रेकॉर्डच्या खोलीत चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी वर्ष विचारलं, बैठक क्रमांक विचारला. तो त्यानं न अडखळता सांगितला. लेकीचा फोन नंबर त्याला आजही पाठ नव्हता. गृहस्थांनी जाडजूड वही काढली, बोट ओलं करून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबले.

"एकतीस," तोच म्हणाला. बोलून मोकळं व्हावं म्हणून.

"एकतीस होते," गृहस्थ म्हणाले. "लाल शाईनं दुरुस्ती आहे की. फेरतपासणीत एक अख्खं उत्तर तपासायचं राहिलेलं सापडलं. सत्तेचाळीस. पास आहात तुम्ही." आणि मग कपाट उघडून, वर 'न नेलेली' अशी चिठ्ठी लावलेला, दोऱ्यानं बांधलेला एक गठ्ठा त्यांनी खाली घेतला, धूळ झटकली, आणि बारा-पंधरा कागदांखालून याचा कागद ओढून काढला. "हे घ्या. सव्वीस वर्षं पडून आहे. एवढे दिवस कुठे होता हो? काखेत कळसा म्हणतात तसं केलंत की." त्यांना आनंद झाला होता. गठ्ठ्यातला एक कागद कमी झाला होता. "करा सही," ते म्हणाले आणि वही पुढे सरकवली.

कॉलेजच्या पायऱ्यांवर तो किती वेळ बसला ते त्याला कळलं नाही. मुलं वर-खाली करत होती, कुणीतरी "काका, जरा सरकता का" म्हणालं, तो सरकला. मांडीवर कागद होता. सत्तेचाळीस. दादानं त्याला परीक्षा मंडळापेक्षा पाच मार्क कमी दिले होते. हसू यावं अशी गोष्ट होती आणि ते आलंही, पण वाटेत कुठेतरी अडकलं. फेरतपासणीचा निकाल नोकरीच्या हुकमानंतर तिसऱ्या आठवड्यात लागला होता. तारीख कागदावरच होती. त्या दिवशी तो इथे आला असता तर? हा कागद कार्यालयात देऊन टाकता आला असता, पहिला फाडता आला असता, कुणी विचारलंही नसतं. नंतरही कधी. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, गेल्या महिन्यात. ज्या दिवशी बाई दारात आल्या त्या दिवशी संध्याकाळी जरी आला असता तरी. भोकाच्या कडेकडेनं चालला होता तो, आणि भोकात हे होतं. जन्मभर त्यानं साप साप म्हणून भुई धोपटली होती; आणि आता धोपटलेल्या जागेतून खरोखरच साप निघाला होता, त्यानं स्वतःच पाळलेला. दोन तास त्यानं स्वतःची मनापासून घृणा केली. खोटेपणासाठी नव्हे. त्याची सवय झाली होती. बघायला न आल्याबद्दल.

सोमवारी साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. आधी त्यांचा चेहरा उजळला. "सत्तेचाळीस! म्हणजे पासच की तुम्ही." मग त्यांची नजर एका कागदावरून दुसऱ्यावर गेली, तारखांवर गेली, परत आली. ज्या बदलाची त्याला भीती होती तो असा, हळूहळू, काटा चढावा तसा झाला. "मग हा बेचाळीसचा कुठून आला?"

त्यानं सांगितलं. दादाचा उल्लेख त्यानं टाळला. मी करवून घेतला, म्हणाला.

"अहो, पण पास होता तुम्ही!" साहेब जवळजवळ ओरडले. "कशाला केलंत हे?"

"थांबलो नाही."

साहेबांनी उठून खिडकी लावून घेतली. मग हळू आवाजात, नियम वाचून दाखवल्यासारखं बोलले. नेमणूक ज्या कागदावर झाली तो खोटा. खरा दुसरीकडे होता याला काही अर्थ नाही, उलट तोच पुरावा. आजपासून निलंबन, पुढे जे व्हायचं ते ठरलेलंच. "आणि ते खांब," साहेब म्हणाले. "त्या अहवालावर तुमची सही आहे."

"अहवाल बरोबर आहे, साहेब."

"मला माहीत आहे. पण भोकं पाडायचा आदेश त्या सहीवर उभा होता. सहीच पडली. कंत्राटदाराचा वकील उद्या इथे असेल. नव्यानं तपासा म्हणेल."

"ठोकळे फोडून झालेत."

"नवे आणून देईल तो."

कसले आणून देईल ते दोघांनाही माहीत होतं. घट्ट सिमेंटचे, खास पाडलेले, चकचकीत. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात राहतील, कुणीतरी खऱ्या मार्कशीटचा माणूस ते फोडेल, प्रामाणिकपणे आकडे लिहील, आणि रुग्णालयाचा तिसरा मजला चढेल. साहेबांनी बेचाळीसचा कागद फाईलला लावला, सत्तेचाळीसची झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ त्याला परत दिला. "हा तुमचा आहे," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. बाहेर आस्थापनेच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी त्याला पहिल्यांदाच आडनावानं हाक मारली, रजिस्टरवर सही घ्यायला.

घरी बायकोला सांगायचं होतं, लेकीला सांगायचं होतं. पण पाय दादाकडे वळले. काचबिंदूनं दादाची नजर चार वर्षांपूर्वी पुरती गेली होती. खिडकीपाशी खाट, खाटेवर दादा. वहिनी दाराशी तांदूळ निवडत बसलेली. पावलांवरून दादानं ओळखलं. "या वेळेला कसा रे? बरं नाही?" वहिनी आत गेल्यावर यानं सांगितलं. पकडलं, एवढंच. दादाचा हात चादरीवर थांबला.

"नोकरी?"

"गेली."

दादानं चादरीची घडी सारखी केली. मग त्यानं विचारलं ते वेगळंच. "कुठे धरलं त्यांनी? शिक्क्यात?"

"काय माहीत."

"कागद आहे का तुझ्याकडे? दे बघू. बोटांना कळतं मला."

त्याच्या पिशवीत एकच कागद होता. नाही म्हणता आलं असतं. पण दादाचा हात पुढे आलेला होता, तळवा वर करून, आणि जन्मभर त्या हातानं फक्त दिलं होतं. त्यानं कागद त्यावर ठेवला. दादानं तो मांडीवर सरळ केला, अंगठा फिरवला, पालथा करून पाठीवरून फिरवला. छापलेल्या ओळींचा ठसा चाचपला. एकदा, दोनदा, डावीकडून उजवीकडे. त्याच्या कपाळावर आठ्या आल्या.

"हा वण कसला?"

"दोऱ्याचा. फाईलच्या."

दादा पुन्हा चाचपत राहिला. "ओळ सरळ नाही रे ही," तो म्हणाला. "डावा कोपरा जास्त दाबलाय. मागून खिळे टोचतायत, बघ. आणि चौकटीची रेघ तुटलीय." त्याचा आवाज बारीक होत गेला. "हे मी केलं? इतकं गचाळ? मला वाटायचं, झकास झालंय. इतकी वर्षं वाटायचं, आपल्या हातून एक काम असं झालंय की..." न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायलाही त्यानं कागद सोडला नाही. "अरे, हा खोटा आहे हे आंधळ्यालाही कळतंय. तुझं वाटोळं केलं मी."

दोनच गोष्टी सांगता येण्यासारख्या होत्या. पहिली: हा खरा आहे दादा, तुझा फाईलला लागलाय, तुझा याहून सुरेख होता. मग दादा विचारणार होता, खरा कुठून आला? आणि मग त्याला कळणार होतं की जेवणाच्या त्या सुट्ट्या, ते अकरा दिवस, ती फुंकर, यातल्या कशाचीही गरज नव्हती. सव्वीस वर्षं खोटा आकडा न लिहिलेला तो माणूस खाटेच्या कडेवर बसला होता. त्यानं दादाच्या अंगठ्याखालचा कागद पाहिला, त्यावरचे सत्तेचाळीस पाहिले.

"हो दादा," तो म्हणाला. "खोटा आहे. त्यांना लगेच कळलं."